कोयनेच्या पाण्यामागे गुहागरपर्यंत

कृष्णाकाठच्या माणसाला समुद्र फार दूरचा वाटतो. नकाशा मात्र वेगळे सांगतो. गुहागरहून निघालेला महामार्ग चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत अशी गावे घेत थेट विजापूरला जातो. जुन्या पिढीच्या तोंडी तो 'गुहागर-विजापूर रस्ता' असाच आहे. नारळ-पोफळींच्या सावलीतले एक लहानसे गाव आणि गोलघुमटाचे शहर यांची जोडी आज विचित्र वाटते. परंतु गुहागरच्या उत्तरेला, वाशिष्ठीच्या मुखावर, दाभोळ बंदर आहे, आणि आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे विजापूरकरांचे महत्त्वाचे बंदर होते. समुद्रमार्गे आलेला माल येथे उतरे आणि घाट चढून देशावर जाई. म्हणजे या रस्त्यावर डांबर अलीकडे पडले असले, तरी त्याची दिशा काही शतकांची जुनी आहे.

यंदाच्या जानेवारीत आम्ही चार मित्र या रस्त्याने सांगलीहून गुहागरला गेलो. चौघेही पासष्टीच्या आसपासचे. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, एक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, एक सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करणारे, आणि चौथा मी, आयुष्यभर बँकेच्या खातेवह्यांत रमलेला. एक मोटार, आळीपाळीने चालवणारे दोघे, तीन मुक्काम. नियम दोनच ठरवले होते. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही, आणि वाटेत 'थांबा' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला राहील. दुसऱ्या नियमाचा सर्वाधिक लाभ अभियंता मित्रांनी घेतला, आणि त्यामुळेच हा प्रवास एका नदीचा प्रवास झाला.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. तेथून पाटणकडे निघाले की रस्ता कोयनेच्या उलट दिशेने, तिच्या उगमाच्या बाजूला चढत जातो. कोयनानगरला १०३ मीटर उंचीचे धरण आहे. त्यात १०५ अब्ज घनफूट पाणी साठते. येथे अभियंता मित्रांनी पहिल्यांदा गाडी थांबवली. ते म्हणाले, "इथे एका नदीच्या दोन नद्या होतात. नदीच्या पात्राने जाणारे पाणी कराडला कृष्णेत जाते आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. बोगद्यातून वळवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते, वीज करते, वाशिष्ठीत पडते आणि अरबी समुद्राला मिळते. आपण आज दुसऱ्या पाण्याबरोबर जायचे आहे."

कुंभार्ली घाट उतरताना हे वाक्य आम्हा सर्वांच्या मनात होते. घाटाच्या पायथ्याशी पोफळीचे भूमिगत वीजगृह आहे. १९६२ मध्ये येथील पहिली वीज निघाली. पुढे टप्पे वाढत गेले आणि कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट झाली. महाराष्ट्रातील कारखानदारीच्या वाढीत या विजेचा वाटा किती मोठा आहे, हे सांगावयास नको. तथापि या जमेच्या बाजूसमोर नावेची बाजूही आहे. शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, ती माणसे घरदार सोडून दूर वसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात शंभराहून अधिक माणसे दगावली. खातेवही पाहताना एकच बाजू वाचायची नसते, ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

वीज करून मोकळे झालेले पाणी वाशिष्ठीत येते, म्हणून कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटत असताना वाशिष्ठी वाहती राहते. हीच नदी २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा दुकानांचे पहिले मजले पाण्याखाली गेले होते. हळदीच्या व्यापाऱ्याला भिजलेल्या मालाचे दुःख कोणी समजावून सांगावे लागत नाही. सांगलीने २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिले आहेत. बाजारपेठेतून गाडी जात असताना आमचे मित्र प्रत्येक दुकानाच्या पायऱ्या मोजल्यासारखे पाहत होते.

चिपळूणहून गुहागर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. मार्गताम्हाने गेले, शृंगारतळीची गजबजलेली पेठ गेली आणि रस्ता झाडीत उतरू लागला. आंब्याला मोहोर आला होता. गाडीच्या काचा खाली केल्या की त्याचा मंद, किंचित उग्र वास आत येई. गुहागर हे गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारी एक लांबच लांब वस्ती आहे. मधून रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची घरे, प्रत्येक घरामागे माड-पोफळीची वाडी. पश्चिमेकडच्या वाड्यांच्या पलीकडे सुरूचे बन आणि त्यापुढे सुमारे सहा किलोमीटरचा किनारा. गावाच्या मध्यभागी व्याडेश्वराचे मंदिर आहे. अनेक कोकणस्थ घराण्यांचे ते कुलदैवत असल्याने पुणे-मुंबईचीच नव्हे, तर परदेशी गेलेली कुटुंबेही येथे येतात.

आमचा मुक्काम खालच्या पाटातील एका घरी होता. घरात साठी ओलांडलेल्या एकट्या वहिनी राहतात. दोन मुलगे, एक मुंबईला आणि एक पुण्याला. माजघरामागच्या दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी नीटनेटक्या केल्या आहेत. मासळीच्या या मुलुखात आमच्यासारख्यांच्या जेवणाचे कसे व्हायचे, अशी शंका वाचकांपैकी कोणाला येत असेल, तर ती मनातून काढून टाकावी. कांदा, लसूण, कंदमुळे नकोत आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचे, एवढे फोनवर सांगितले होते. त्यावर वहिनी म्हणाल्या, "त्यात काय अवघड? आमच्या सासूबाईंचा चातुर्मास असाच असे." कुळथाचे पिठले, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचे सार, तांदळाची भाकरी आणि शेवटी ओल्या नारळाच्या करंज्या. सहाच्या आत हात धुऊन आम्ही समुद्रावर सूर्यास्त पाहायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी वाडी दाखवली. खळ्यात सुपारी वाळत पडली होती. आमचे व्यापारी मित्र बाजाराच्या नजरेने ती हातात घेऊन पाहू लागले. भाव, प्रत, घट, साठवण अशी दोघांची पक्की व्यवहाराची बोलणी सुरू झाली. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "भावाचे काय, कमीजास्त होतोच. खरी पंचाईत झाडावर चढणाऱ्याची आहे. पूर्वी एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत जाणारे गडी होते. त्यांची मुले आता मुंबईला." थोडे थांबून म्हणाल्या, "आमचीही तिथेच आहेत म्हणा. कोणाला काय बोलणार?"

रत्नागिरी जिल्ह्याला पूर्वी 'मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा' म्हणत. गिरणीत, गोदीत, सरकारी कचेऱ्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या पैशावर येथील चुली पेटत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अशा भागातल्या शाखेत ठेवी येत राहतात, पण कर्ज मागायला फारसे कोणी येत नाही, कारण उद्योग उभारायच्या वयाचे माणूस गावात नसते. ठेवी भरपूर असणे हे शाखाधिकाऱ्याला सुखाचे वाटते. परंतु शेजारच्या चार घरांना कुलूप असताना त्या ठेवींचा गावाला उपयोग काय, हा प्रश्न त्या अहवालात कोठे लिहिलेला नसतो. खालच्या पाटातून चालताना गडग्याच्या आत पालापाचोळ्याने भरलेली खळी आणि गंजलेली कुलुपे आम्ही पाहिली. वहिनींचे घर उघडे आहे, ते सुपारीमुळे जितके, तितकेच त्या दोन खोल्यांमुळे.

दुपारी अंजनवेलला गेलो. दाभोळ खाडीच्या मुखावर गोपाळगड उभा आहे. विजापूरकर, मराठे, सिद्दी, पुन्हा तुळाजी आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. तटाच्या आत आता आंब्याची झाडे आहेत. तटावरून खाडी पाहताना प्राध्यापकांनी अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकात तो घोडा विकायला हिंदुस्थानात आला, बिदरपर्यंत फिरला आणि परतताना दाभोळलाच गलबतात बसला. पुढे १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे बंदर जाळले. ते पुन्हा सावरले, परंतु हळूहळू व्यापार दुसरीकडे वळला आणि खाडीत गाळ साचत गेला.

गोपाळगडाजवळच आमच्या पिढीला ज्याचे नाव पाठ आहे, तो वीजप्रकल्प आहे. 'एन्रॉन' म्हटले की १९९० चे दशक डोळ्यांपुढे येते. १९९२ मध्ये समझोता, १९९५ मध्ये करार रद्द, मग फेरवाटाघाटी, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, आणि विजेच्या दरावरून वाद होऊन २००१ मध्ये प्रकल्प बंद. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. देशातील मोठ्या वित्तसंस्था आणि बँका यांची कर्जे त्यात अडकली होती. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून प्रकल्प पुन्हा उभा करण्यात आला. क्षमता १,९६७ मेगावॅट. मात्र वायूची टंचाई आणि किंमत यांमुळे तो दीर्घकाळ क्षमतेपेक्षा फारच कमी चालला. अभियंता मित्र म्हणाले, "वर कोयनेला १,९६०, आणि त्याच पाण्याच्या शेवटाला १,९६७. आकडा जवळजवळ एकच. पण एक पाण्यावर चालतो, जे आपल्या डोंगरावर पडते. दुसरा वायूवर, जो बोटीने आणावा लागतो." कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही कच्चा माल कोठून येणार हा रकाना आधी पाहत असू. त्या एका वाक्यात तो रकाना पूर्ण भरला गेला.

धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट २००३ पासून सुरू आहे. मोटारी, दुचाक्या, शाळकरी मुले, टोपल्या घेतलेल्या कोळिणी, सगळे एकाच सपाट डेकवर उभे राहतात. ही बोट नसेल तर समोर दिसणाऱ्या गावी जाण्यासाठी चिपळूणकडून मोठा वळसा घ्यावा लागतो. बोट सुटली तसे प्राध्यापक म्हणाले, "मला आयर्लंड आठवले." त्यांची मुलगी लिमरिकला असते आणि दोन उन्हाळे ते तिच्याकडे राहून आले आहेत. तेथे शॅनन नदीच्या मुखावर किलिमर ते टार्बर्ट अशी मोटारी नेणारी बोट १९६९ पासून चालते. वीस मिनिटांचा प्रवास, आणि तेवढ्याने लिमरिकमार्गे जाण्याचा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा वाचतो. नवल म्हणजे त्याही नदीच्या वरच्या अंगाला, आर्डनाक्रुशा येथे, १९२९ मध्ये सुरू झालेले जलविद्युत केंद्र आहे आणि मुखाजवळ मनीपॉइंटचे औष्णिक केंद्र. त्याची उंच धुराडी बोटीवरून दिसतात. तेथे कोळसा जाळणे २०२५ मध्ये थांबले.

प्राध्यापक सांगत होते, तेथेही गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, रस्ते आपल्या कोकणातल्यासारखे अरुंद, समोरून ट्रॅक्टर आला की एकाने मागे सरायचे आणि दुसऱ्याने हात उंचावून आभार मानायचे. शेतांना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतींची कुंपणे, अगदी आपल्या गडग्यांसारखी. आणि त्या कुंपणांच्या आत छप्पर उडालेली ओसाड घरे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये त्या बेटावर ऐंशी लाखांहून अधिक माणसे होती, १९११ मध्ये चव्वेचाळीस लाखांच्या आसपास उरली. आजही सबंध बेटाची लोकसंख्या १८४१ इतकी झालेली नाही. आपल्याकडची कारणे वेगळी, प्रमाणही वेगळे, परंतु जाणाऱ्याच्या मागे राहिलेले घर दोन्हीकडे सारखेच दिसते.

त्या देशाने एक गोष्ट केली. २०१४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे जुनेच लहान रस्ते जोडून सुमारे अडीच हजार किलोमीटरचा एक प्रवासमार्ग ठरवला, त्याला नाव दिले, खुणेच्या पाट्या लावल्या. नवा महामार्ग बांधला नाही. लोकांनी हळू जावे, गावागावांत थांबावे, तेथेच राहावे आणि जेवावे, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची आहे. आता खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे आणि त्यांत दाभोळ व जयगड या दोन्ही खाड्या येतात. पूल हवेतच. रात्री अपरात्री दुखणाईत माणसाला रुग्णालयात न्यायचे असेल, तर बोटीची वाट पाहत बसणे परवडत नाही. पण पुलावरून येणारी गाडी थांबेलच, याची हमी पूल देत नाही. ते काम प्रवाशाचे आणि गावाचे आहे.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे निघालो. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. प्रत्येक गावात डोंगर उतरावा, नारळीच्या सावलीतून समुद्र दिसावा आणि पुन्हा चढण लागावी, असा हा रस्ता. हेदवीला पेशवेकालीन दशभुज लक्ष्मीगणेशाचे मंदिर आहे. जवळच किनाऱ्यावर बामणघळ. खडकातील त्या अरुंद चिरेत भरतीची लाट शिरते आणि उंच उसळते. तेथे बराच वेळ आम्ही न बोलता बसलो. मग व्यापारी मित्रच बोलू लागले. तीन पिढ्यांची पेढी, मुलगा बंगळूरला संगणकाच्या नोकरीत, आणि गेले वर्षभर दुकानाला चांगले गिऱ्हाईक आलेले आहे. ही गोष्ट त्यांनी आम्हाला यापूर्वी कधीच सांगितली नव्हती. रोज सकाळी फिरायला भेटणारी माणसे आम्ही, तरी ती सांगायला त्यांना हेदवीचा खडक लागला. "विकायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण आधी त्या वहिनींसारखे काही करून पाहतो. सगळे नाही तर दोन खोल्या तरी उघड्या ठेवता येतात का, ते." कोणी सल्ला दिला नाही. मित्रांनी कधी गप्प राहायचे, हे या वयात कळू लागते.

गुहागरच्या किनाऱ्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात येथे अंडी घालायला येतात. वनखात्याची आणि गावातील माणसे ती अंडी गोळा करून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, राखण करतात आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पंखाला खुणेची पट्टी लावली होती, अशी एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तिला येथे कोणी बोलावले नव्हते. तिने ठेव ठेवली आणि ती निघून गेली. राखण मात्र गावाने केली.

या प्रवासाचा हिशेब मांडताना मला हेच दिसते. गुहागरच्या या पट्ट्यावरून शतकानुशतके मोठमोठ्या गोष्टी गेल्या. घोडे गेले, गलबते गेली, वीज गेली, तरुण मुले गेली, हजारो कोटींचे प्रकल्प आले आणि अडकले. मागे टिकून राहिले ते लहान आहे: पोफळीची वाडी, पाण्यावरची बोट, कासवांची राखण करणारे चार हात, आणि दोन खोल्या झाडून पाहुण्यांची वाट पाहणारे एक घर. लहान खाती नियमित चालली तर शाखा उभी राहते. एका मोठ्या कर्जदारावर उभी असलेली शाखा कधी आडवी होईल, ते सांगता येत नाही. गावाचेही तसेच असावे.

तवसाळला गाडी पुन्हा बोटीवर चढवली. पलीकडे जयगडच्या बंदरातील उंच यंत्रे आणि वीज केंद्राची धुराडी दिसत होती. पुढे रत्नागिरी, मग आंबा घाट चढून देशावर यायचे होते. वाचकांपैकी ज्यांना जायचे असेल, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, दिवसाउजेडी गाडी चालवावी, बोटीची वेळ हुकली तर दुसऱ्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसून राहावे. राहायला एखादे असे घर शोधावे, जेथे मालकीण स्वतः वाढते. आणि मित्रांबरोबर जावे. नात्यागोत्यांत, लग्नकार्यांत आपण भेटतो, पण तेथे बोलायला सवड नसते. चार माणसे, एक गाडी आणि तीन दिवस एवढे भांडवल पुरते. निघताना वहिनींनी व्यापारी मित्रांच्या हातात मूठभर सुपारी ठेवली. त्यांनी दर विचारला. वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी आलात की सांगीन."